पहिल्या सलाईनच्या आधी

तारापूरचा अणुवीज प्रकल्प आणि परळचं टाटा रुग्णालय केंद्र सरकारच्या एकाच खात्याखाली येतात, हे बोईसरमध्येही सगळ्यांना ठाऊक असतं असं नाही. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे आला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज १९६९ मध्ये मिळू लागली. किरणोत्सर्ग काबूत ठेवून कामाला लावायचा, हे सूत्र दोन्हीकडे सारखंच.

प्रकल्पात कामाला जाणाऱ्या माणसाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. ठरावीक मुदतीने तो तपासायला जातो आणि अंगाला किती मात्रा लागली याची नोंद होते. कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, सामान्य माणसासाठी वर्षाला १. आता दुसरा आकडा पाहा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बाहेरून रेडिएशन देतात तेव्हा पाच आठवड्यांत ओटीपोटाला ४५ ते ५० ग्रे इतकी मात्रा मिळते. क्ष-किरणांच्या बाबतीत एक ग्रे म्हणजे ढोबळमानाने १००० मिलिसिव्हर्ट. ही मात्रा शरीराच्या तेवढ्याच भागाला, रोज थोडी थोडी आणि गाठ नष्ट करण्यासाठीच दिलेली असते, म्हणून माणूस ती सोसतो. पण त्या भागात अंडाशय असतात. आणि अंडाशयातली अपक्व बीजांडं इतकी नाजूक की २ ग्रेपेक्षाही कमी मात्रेत त्यातली निम्मी नष्ट होतात.

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात कुणाला कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न कारणाचा येतो. भट्टीमुळे झालं का? एमआयडीसीतल्या केमिकलमुळे झालं का? प्रश्न रास्त आहे आणि तो हवा-पाण्याच्या मोजमापाने, रुग्णांच्या नोंदींनी सोडवायला हवा. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये तर बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतही नाही. पण ज्या घरात आज रिपोर्ट आला आहे, त्या घरात या आठवड्यात आणखी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो कुणीच विचारत नाही. रुग्ण मुलगी असेल, तरुण बाई असेल, तर उपचारांनंतर तिला मूल होऊ शकेल का? आणि त्यासाठी आत्ताच काही करून ठेवता येईल का?

घरातलं उत्तर ठरलेलं असतं : ‘आधी पोरीचा जीव वाचू दे, बाकीचं नंतर बघू.’ आई हे म्हणते, मामा म्हणतो, शेजारच्या मावशीही म्हणतात, आणि कुणाचंच मन वाईट नसतं. अडचण एवढीच, की या बाबतीत ‘नंतर’ बहुधा हातात राहत नाही. जे करायचं ते पहिल्या केमोच्या आधी, फार तर दोन आठवड्यांत करावं लागतं. जीव वाचवणं आणि हा प्रश्न विचारणं यांत कसलाही विरोध नाही. प्रश्न विचारल्याने एकही सलाईन लांबत नाही. उत्तर मिळाल्यावर काही दिवस थांबायचं की नाही, हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात.

हे सगळं इतकं घाईचं का, ते समजायला मुलीच्या शरीराचा एक विलक्षण हिशेब माहीत असावा लागतो. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू वयात आल्यापासून रोज नव्याने तयार होत राहतात. मुलीची सगळी बीजांडं मात्र ती आईच्या पोटात असतानाच तयार होऊन जातात. गर्भ २० आठवड्यांचा असताना त्याच्या दोन अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख बीजांडं असतात. जन्माच्या वेळी त्यातली १० ते २० लाख उरतात. पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. त्यापुढे दर महिन्याला साधारण एक पिकून बाहेर पडतं, म्हणजे उभ्या आयुष्यात चार-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. साठा संपत आला की पाळी जाते. या शिलकीत नव्याने भर पडत नाही.

केमोची काही औषधं थेट या शिलकीवर घाव घालतात. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान, मेलफालान, प्रोकार्बाझिन ही औषधं पेशीतल्या डीएनएला इजा करतात. कॅन्सरची पेशी मरते ती त्यामुळेच. पण निपचित पडून असलेलं बीजांडही त्याच घावाने मरतं. शिवाय पिकायला लागलेली बीजांडं मेली की मागची निद्रिस्त बीजांडं एकदम जागी होतात आणि तीही खर्ची पडतात, असं संशोधकांना दिसलं आहे. साठा दोन्ही बाजूंनी कमी होतो.

म्हणून तीच औषधं, तीच मात्रा, पण परिणाम वयाप्रमाणे वेगळा. बारा वर्षांच्या मुलीची शिल्लक मोठी असते. उपचारांत बराच भाग गेला तरी पाळी येते आणि सगळे निर्धास्त होतात. अडतीस वर्षांच्या बाईची पाळी तेवढ्याच औषधाने कायमची जाऊ शकते. पण त्या बाराच्या मुलीचाही हिशेब पुरा झालेला नसतो. तिची पाळी पंचेचाळिशीऐवजी तिशीतच जाऊ शकते. पाळी नियमित येते म्हणजे सगळं ठीक आहे, हा आपल्या घराघरांतला समज इथे धोक्याचा ठरतो. अशा मुलीचं शिक्षण, नोकरी, लग्न, मूल हे सगळं कमी वर्षांत बसवावं लागू शकतं आणि ते तिला वेळेवर कुणीतरी सांगायला हवं.

याची दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगायला हवी, नाहीतर विनाकारण घबराट व्हायची. प्रत्येक कॅन्सरच्या उपचाराने मूल होण्याची शक्यता जात नाही. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याच्या नेहमीच्या केमोने अंडाशयाला फारसा धक्का लागत नाही. हॉजकिन लिम्फोमावर दिला जाणारा एबीव्हीडी नावाचा चार औषधांचा कोर्सही त्या मानाने सौम्य. त्याच आजारासाठीचा बीकॉप नावाचा जहाल कोर्स मात्र साठा बराच खाली आणतो. सर्वांत मोठा धोका बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी दिल्या जाणाऱ्या जबर केमोचा, पूर्ण अंगाला दिलेल्या रेडिएशनचा आणि पोट-ओटीपोटाच्या रेडिएशनचा. तेव्हा ‘केमो’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नये. औषधांची नावं, एकूण मात्रा आणि रेडिएशन नेमकं कुठे, हे विचारून कागदावर लिहून घ्यावं. वीस वर्षांनी मुलगी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर बसेल तेव्हा तिच्या कामाला तोच कागद येईल.

बीजांड किंवा भ्रूण गोठवून ठेवायचं हे शास्त्र आपल्याला परकं नाही. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात एक मुलगी जन्मली. जगाने तिला दुर्गा या नावाने ओळखलं. इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन ही जगातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी जन्मून तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तर भ्रूण गोठवून, मग वितळवून आईच्या गर्भाशयात ठेवला होता. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांना काम करू दिलं नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचं हे काम. देशातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. नंतर कधीतरी आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांचे कागद आले. ते वाचून त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, की पहिला मान आपला नाही, कोलकात्याचा आहे. विज्ञानात इतकं निखळ औदार्य फार क्वचित पाहायला मिळतं.

केईएम आणि टाटा ही दोन्ही रुग्णालयं शेजारी-शेजारी आहेत. एका आवारात बीजांड शरीराबाहेर हाताळायची विद्या १९८६ पासून होती. शेजारच्या आवारात ज्यांना तिची गरज पडली असती अशा मुली फाईल हातात धरून रांगेत बसलेल्या असायच्या. या दोन वैद्यकशाखांची गाठ पडायला जगभरच वेळ लागला. एक मोठं कारण तांत्रिक होतं. भ्रूण गोठवणं तुलनेने सोपं, पण त्याला नवऱ्याचं बीज लागतं. अविवाहित मुलीला त्याचा काय उपयोग? नुसतं बीजांड गोठवणं फार अवघड होतं. बीजांड ही मानवी शरीरातली सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास मिलिमीटरचा साधारण दहावा भाग, म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखी दिसेल एवढी. तिच्यात पाणी भरपूर. सावकाश थंड केलं की पाण्याचे स्फटिक होतात आणि आतली नाजूक रचना फाटते. १९८६ मध्येच ऑस्ट्रेलियात क्रिस्टोफर चेन यांनी गोठवलेल्या बीजांडापासून पहिला जन्म घडवला, पण यश बेभरवशाचं राहिलं.

नंतर रीत बदलली. आता बीजांडातलं पाणी आधी काढून घेतात, त्या जागी बर्फ होऊ न देणारं द्रावण भरतात आणि प्लॅस्टिकच्या केसाइतक्या बारीक पट्टीवर, द्रवाच्या अगदी सूक्ष्म थेंबात ते बीजांड ठेवून पट्टी थेट उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. गोठणं इतक्या झपाट्याने होतं की स्फटिक तयार व्हायला उसंतच मिळत नाही. सगळं काचेसारखं स्थिर होतं. प्रयोगशाळेतला माणूस हे सूक्ष्मदर्शकात बघत, श्वास रोखून, काही सेकंदांत करतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संस्थेने बीजांड गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. त्या नायट्रोजनबद्दल आदिवासी पाड्यांवरच्या आईबापांना समजावून सांगणं मुळीच अवघड नाही. गाईला कृत्रिम रेतन करायला येणारा माणूस जे धुरकट वाफा सोडणारं भांडं घेऊन येतो आणि त्यातून वळूच्या वीर्याची बारीक कांडी काढतो, त्या भांड्यात असतो तोच नायट्रोजन. वर्षानुवर्षं ठेवलेल्या कांडीपासून धडधाकट वासरू होतं, हे त्यांनी गोठ्यात पाहिलेलं असतं.

आता हे बोईसरच्या मुलीला प्रत्यक्षात कसं जमेल ते पाहू. समजा, एमआयडीसीतल्या औषध कंपनीत पॅकिंगला जाणारी सव्वीस वर्षांची तरुणी आहे, लग्न झालेलं नाही, आणि स्तनात गाठ निघाली. बायॉप्सी, स्कॅन, इतर रिपोर्ट आणि केमोची तारीख यांत तसेही काही दिवस जातातच. तेवढ्या दिवसांत बीजांडं काढून ठेवता येतात. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट बघावी लागे. आता कॅन्सरच्या रुग्णासाठी महिन्यातल्या कोणत्याही दिवशी सुरुवात करतात. दहा ते चौदा दिवस रोज हॉर्मोनचं इंजेक्शन घ्यायचं. ते पोटाच्या त्वचेखाली देतात. त्यासाठी रोज मुंबई गाठायची गरज नसते, घराजवळची नर्स देऊ शकते. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. यातल्या काही सोनोग्राफी वसई-विरारला करून चालतील का, हे आधीच विचारून ठेवलं तर निम्म्या खेपा वाचतात. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, तरी बोईसरहून दादर म्हणजे एका बाजूला शंभरेक किलोमीटर. आजारी माणसाला, त्यात विरारच्या पुढची गर्दी सोसत, हे रोज झेपणारं नाही. ज्यांचं मुंबईत कुणी नाही त्यांना टाटाच्या रुग्णांसाठी असलेल्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांचा आधार असतो. शेवटच्या दिवशी थोडी भूल देऊन, पंधरा-वीस मिनिटांत, सुईने बीजांडं काढून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केमो सुरू होऊ शकते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये या इंजेक्शनांनी स्त्री-हॉर्मोन वाढतील आणि गाठीला खतपाणी मिळेल, अशी भीती असते. म्हणून सोबत लेट्रोझोलची गोळी देतात. ती त्या हॉर्मोनची पातळी खाली ठेवते. तरुणपणी स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना पाच-दहा वर्षं हॉर्मोनविरोधी गोळी घ्यावी लागते आणि तोवर वय निघून जातं. दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग मुलासाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवली तर काय होतं, हे ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले : निदान पहिल्या काही वर्षांत तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. गरोदरपणामुळे कॅन्सर पुन्हा येतो, या जुन्या धास्तीला या अभ्यासाने बराच छेद दिला आहे.

काढलेलं प्रत्येक बीजांड म्हणजे मूल नव्हे, हेही सांगायला हवं. दहा-पंधरा बीजांडं ठेवली तर शक्यता बरी असते. खात्री कुणीच देत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून सावध राहावं.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. बीजांडं सहसा योनीमार्गातून सोनोग्राफीच्या साहाय्याने काढतात. अविवाहित मुलीच्या घरात यावर कुजबुज होते आणि कधी कधी सगळं तिथेच थांबतं. डॉक्टरांकडे पर्याय असतात, काही जणींमध्ये पोटावरूनही हे करता येतं. पण मुळात या तपासणीने मुलीचं काहीही कमी होत नाही. ज्या मुलीच्या छातीत केमोसाठी नळी बसवायला घर तयार असतं, तिला या तपासणीपासून लाजेखातर वंचित ठेवायचं, हे मला मान्य नाही.

पाळीच आलेली नाही अशा मुलीचं काय? तिच्या शरीरात पिकलेलं बीजांड मिळणारच नाही. तिच्यासाठी या शास्त्रातला सर्वांत धाडसी मार्ग आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढतात. बीजांडं अंडाशयाच्या बाहेरच्या पातळ थरात असतात, म्हणून तेवढा थर सोलून, एखाद मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करून गोठवतात. इंजेक्शनं नाहीत, दहा दिवस थांबणं नाही. दोन-तीन दिवसांत काम उरकतं. पुढे मुलगी मोठी झाली, बरी झाली आणि तिला मूल हवंसं वाटलं, की त्या पट्ट्या तिच्याच पोटात परत बसवतात. रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतो आणि काही महिन्यांत ती ऊती काम करू लागते. बेल्जियममध्ये डॉ. जाक दोने यांनी १९९७ मध्ये हॉजकिनच्या एका तरुण रुग्णाची अशी ऊती ठेवली होती. २००४ मध्ये तिला मुलगी झाली. असा तो पहिला जन्म. आता जगभरात या मार्गाने जन्मलेल्या मुलांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे आणि २०१९ मध्ये या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ शिक्काही निघाला.

यातल्या दोन गोष्टी पालघरने मुद्दाम लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. २०१५ मध्ये बेल्जियममधून एक बातमी आली. चौदावं वर्ष पुरं व्हायच्या बेतात असताना जिची ऊती काढून ठेवली होती, ती मुलगी पुढे आई झाली. तिला कॅन्सर नव्हता, सिकलसेल होता. सिकलसेल बरा करायला बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचा होता आणि त्याआधीची जबर केमो तिचे अंडाशय निकामी करणार होती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये थॅलेसेमियातून बरी झालेली एक तरुणी आई झाली. तिची ऊती काढली तेव्हा तिची पाळी सुरूही झाली नव्हती. पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आहे, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणी वाढेल तशी ट्रान्सप्लांटची चर्चा इथल्या घरांतही येईल. तेव्हा हा प्रश्न कॅन्सरपुरता राहणार नाही. सध्या देशात अशी ऊती गोठवण्याची सोय मोजक्याच केंद्रांत आहे.

ल्युकेमियात मात्र ही वाट जपून. अंडाशयाच्या पट्टीत कॅन्सरच्या पेशी दडून बसलेल्या असू शकतात आणि पट्टी परत बसवताना आजारही परत यायचा धोका असतो. शिवाय तीव्र ल्युकेमियात मुलगी कधी कधी इतक्या वाईट अवस्थेत येते की केमो त्याच दिवशी चढवावी लागते. प्लेटलेट खाली गेलेले, ताप चढलेला. छातीत मोठी गाठ असलेल्या लिम्फोमाच्या रुग्णाला भूल देणंही जोखमीचं. तिथे ‘नाही, थांबता येणार नाही’ हेच बरोबर उत्तर, आणि ते आईबापांना स्पष्ट सांगावं. पुढे त्यांना रुखरुख लागली तरी निदान विचारलं होतं, एवढं मनात राहतं.

बाकीचे उपाय थोडक्यात. ओटीपोटाला रेडिएशन द्यायचं असेल तर शस्त्रक्रियेने अंडाशय वर सरकवून, किरणांच्या वाटेतून बाजूला टाके घालून ठेवता येतात. केमो चालू असताना महिन्याला एक इंजेक्शन देऊन अंडाशयांना झोपवून ठेवायची पद्धत आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात तिचा फायदा २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसला. पण ती जोड म्हणून. बीजांडं ठेवायला पर्याय म्हणून नव्हे. आणि गर्भाशयाचा विचार वेगळाच करावा लागतो. लहानपणी पोटाला जास्त रेडिएशन झालं असेल तर गर्भाशय वाढत नाही, ताणत नाही. बीजांड सुरक्षित असलं तरी गर्भपाताची, वेळेआधी बाळंतपणाची भीती राहते.

उपचार संपले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि फाईल माळ्यावर जाते. खरं तर दुसरं काम तिथून सुरू होतं. टाटामध्ये १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी एक वेगळी ओपीडी चालते. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी ती उभी केली. उपचारांचे उशिरा दिसणारे परिणाम, म्हणजे हृदय, हाडं, उंची, थायरॉइड, पाळी, हे सगळं तिथे वर्षानुवर्षं पाहतात. त्याच मुलामुलींनी मोठं झाल्यावर २००९ मध्ये ‘उगम’ हा आपला गट काढला. तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हं दिसली नाहीत, पाळी येऊन बंद पडली, किंवा ऐन पंचविशीत अंगातून वाफा निघू लागल्या तर तपासायला हवं. पाळी लवकर जाणं हा फक्त मुलाबाळांचा विषय नाही. हाडं ठिसूळ होतात, हृदयावर परिणाम होतो, आणि त्यावर हॉर्मोनचे उपचार आहेत. एएमएच नावाच्या रक्ततपासणीने शिलकीचा अंदाज येतो. उलट, उपचार चालू असताना पाळी बंद आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असंही नाही. विवाहित बाईने त्या काळात गर्भनिरोधक वापरायलाच हवं. आणि ज्यांना मुलं होतात, त्यांच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंग जास्त असतं असं दिसलेलं नाही. घराण्यात उतरणारे काही कॅन्सर आहेत, तेवढा अपवाद.

स्थळ येतं तेव्हा मात्र खरी कसोटी लागते. मुलगी बरी होऊन दहा वर्षं झालेली असतात, नोकरीला लागलेली असते, आणि घरात ठरतं की आजाराचं काही बोलायचं नाही. मला हे लपवणं समजतं, कारण ‘हिला मूल होणार नाही’ असा शिक्का गावात एकदा बसला की तो डॉक्टरच्या दहा सर्टिफिकेटांनी पुसत नाही. पण मुलीपासूनच सगळं लपवलं गेलं असेल तर ते क्षम्य नाही. अठराच्या आतल्या मुलीच्या कागदांवर आईबाप सही करतात, हे खरं. तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला काय चाललंय ते कळतं. तिला तिच्या भाषेत सांगावं, विचारावं आणि तिने नको म्हटलं तर ऐकून घ्यावं.

पैशाचं सांगायचं तर, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. बीजांडं गोठवण्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा घरच्यांच्या अंगावर पडतो. मुंबईत खासगी केंद्रात एका वेळचा खर्च लाखाच्या वर जातो, वर दर वर्षाचं साठवणुकीचं भाडं वेगळं. कंत्राटी कामगाराला हे झेपत नाही. केमोने केस जातात तसे अंडाशयही निकामी होऊ शकतात. तो उपचाराचाच परिणाम आहे, तर तो टाळायचा खर्च उपचाराच्या खर्चात का धरू नये, याला माझ्या मते सरकारजवळ पटेल असं उत्तर नाही.

कायद्याचीही गाठ आहे. कृत्रिम प्रजननाचा कायदा २०२१ मध्ये आला, जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात स्त्रीला या सेवा देण्यासाठी वयाची खालची मर्यादा २१ आहे आणि दात्यांची बीजं व भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवायची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर निपुत्रिक जोडपी होती, बाजार होता. तेरा वर्षांची कॅन्सरची रुग्ण नव्हती. तिची ऊती पंधरा वर्षांनी लागणार असते. म्हणून साठवण्याआधीच केंद्राला लेखी विचारावं : किती वर्षं ठेवाल, नूतनीकरण कसं, पत्ता बदलला तर कळवायचं कुणाला, आणि मुलगी सज्ञान झाल्यावर सही कुणाची.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आश्रमशाळांत, अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं इथे फिरतात. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, बोईसरचे खासगी डॉक्टर, या सगळ्यांकडून संशयित रुग्ण मुंबईला जातो तो एक चिठ्ठी घेऊन. त्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन असतं, पांढऱ्या पेशी असतात, गाठीचं माप असतं. मुलगी किंवा तरुण बाई असेल तर तीन गोष्टी आणखी लिहिता येतील : पाळी सुरू झाली आहे का आणि शेवटची कधी आली, विवाहित आहे का, मुलं आहेत का. आणि खाली एक ओळ : ‘उपचार सुरू करण्यापूर्वी प्रजननक्षमता जपण्याबाबत रुग्णाशी व पालकांशी बोलावे.’ याला यंत्र लागत नाही की मंजुरी लागत नाही. टाटाच्या गर्दीच्या ओपीडीत तरुण डॉक्टर ती चिठ्ठी उलगडतो, तेव्हा लाजून गप्प बसलेल्या आईने न विचारलेला प्रश्न त्याच्या समोर लिहिलेला असतो आणि केमोची तारीख अजून पडलेली नसते.